पोस्टाने येणारी बक्षिसांची पत्रे आणि व्ही.पी. पार्सले : घरातील वृद्धांना कसे सांभाळावे?

प्रश्न : जुळे सोलापूरकर

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझे मामा आणि मामी साखर पेठेतील जुन्या घरात दोघेच राहतात. मामांचे वय ७८ आहे. सोलापुरातील एका कापड गिरणीच्या हिशेबखात्यात त्यांची हयात गेली. मुले पुण्यात नोकरीला असल्यामुळे गावातला जवळचा माणूस म्हणून मीच आहे. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या नावे पोस्टाने जी पत्रे आणि पार्सले येऊ लागली आहेत, त्यांबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

त्यांतले एक पाकीट मी नीट पाहिले. वर मामांचे पूर्ण नाव आणि पिनकोडसह अचूक पत्ता छापलेला होता. आत गुळगुळीत कागदावर चारचाकी गाडीचे चित्र, नाण्याने खरवडायची चंदेरी पट्टी असलेले एक कार्ड आणि एक अर्ज होता. अर्जात बँक खात्याचा क्रमांक, आयएफएससी, आधार आणि पॅन यांचे रकाने होते आणि बक्षीस वाहनाच्या रूपात हवे की रोख, असेही विचारलेले होते. तळाशी रिझर्व्ह बँकेच्या नावाचा गोल शिक्का होता. नोंदणी शुल्क आणि जीएसटी म्हणून साडेबारा हजार रुपये एका व्यक्तीच्या खात्यात भरावेत आणि रक्कम हाती येईपर्यंत ही बाब कोणालाही सांगू नये, अशी सूचना ठळक अक्षरांत होती. मामांनी तो अर्ज आपल्या टपोऱ्या, सुवाच्य अक्षरात पूर्ण भरून, पेन्शनच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. पैसे भरायचे तेवढे राहिले होते.

त्याआधी एक व्ही.पी. पार्सल (दारात पैसे देऊन सोडवायचे) आले होते. मामा घरी नव्हते. त्यांनीच काही मागवले असेल असे समजून मामींनी दारातच अडीच हजार रुपये देऊन ते सोडवून घेतले. आत तांब्याचा मुलामा दिलेला एक पातळ पत्रा, लाल दोरा आणि 'धनप्राप्ती यंत्रा'ची पूजा कशी करावी याची झेरॉक्स निघाली. मामांनी असे काहीही मागवलेले नव्हते.

मी हळूच विषय काढला, तेव्हा मामा म्हणाले, "अरे, पोस्टाने आलंय. पोस्टमन सही घेऊन गेलाय. खोटं कसं असेल?" त्यांच्या दृष्टीने हे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांच्या नेमणुकीचे पत्र पोस्टाने आले, वडिलांना गावी पाठवलेल्या मनीऑर्डरी पोस्टाने पोहोचल्या आणि गिरणीच्या देण्यासंबंधीची नोटीसही पोस्टानेच आली. फोनवरच्या अनोळखी माणसावर ते कधीच विश्वास ठेवत नाहीत, परंतु खाकी पाकिटावर त्यांचा विश्वास आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही पत्रे मामांपर्यंत पोहोचण्याआधीच थांबवता येतील का, आणि तसे करणे योग्य ठरेल का? व्ही.पी.साठी दिलेले पैसे परत मिळण्याचा काही मार्ग आहे का? आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्याला 'तुम्ही फसत आहात' हे कोणत्या शब्दांत सांगावे?

उत्तर : निवृत्त टपालकर्मी

मी टपाल खात्यात काउंटरपासून सुरुवात करून उपटपाल कार्यालयाचा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. तुमच्या मामांचा पोस्टावरचा विश्वास वाचून बरे वाटले आणि त्या विश्वासाचाच असा वापर होत असल्याचे वाईटही वाटले.

पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून एवढेच समजते की अमुक दिवशी अमुक कार्यालयात ते पाकीट दाखल झाले. आत काय लिहिले आहे हे पोस्टमन वाचत नाही आणि वाचण्याचा त्याला अधिकारही नाही. पोस्टमन सही घेतो ती पाकीट पोहोचल्याची नोंद म्हणून. आतील मजकूर खरा आहे अशी ग्वाही त्या सहीतून कोणीही देत नाही. हे मामांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या भागातल्या पोस्टमनने किंवा पोस्टमास्तरांनी सांगितले तर जास्त पटेल. मामांना घेऊन एकदा टपाल कार्यालयात जाच. वयस्कर ग्राहक समोर येऊन बसला की बहुतेक पोस्टमास्तर आस्थेने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आता व्ही.पी.विषयी. या सेवेत टपाल खाते पाठवणाऱ्याच्या वतीने दारात रक्कम वसूल करते आणि ती त्याला पोहोचवते. पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडून पाहता येत नाही. फसवणूक करणाऱ्यांना नेमके हेच सोयीचे पडते. गिऱ्हाइकाने खरोखर मागणी नोंदवली असेल तरच वस्तू व्ही.पी.ने पाठवावी, हा या सेवेचा मूळ दंडक आहे. पार्सल कोणी मागवले होते हे घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर ते स्वीकारू नये. पोस्टमनला "आम्ही मागवलेले नाही, परत पाठवा" एवढे सांगितले की तो 'घेण्यास नकार' असा शेरा लिहितो आणि पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाते. नकार देणाऱ्याला त्यासाठी एक पैसाही भरावा लागत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पार्सल नाकारले की काही जण फोन करून "तुमच्यावर दावा लावू" अशी भीती घालतात आणि वृद्ध माणसे त्या भीतीने पुढचे पार्सल मुकाट्याने सोडवून घेतात. जे मागवलेच नाही ते नाकारल्याबद्दल कोणावरही दावा लागत नाही. दारातल्या दारात ठामपणे नाही म्हणणे मामींना जड जात असेल, तर "आज घरात पैसे नाहीत, पार्सल कार्यालयातच ठेवा" असे त्यांनी सांगावे. पार्सल काही दिवस कार्यालयात थांबते आणि तेवढ्या वेळात तुम्हाला फोन करता येतो.

पैसे देऊन झाल्यावर फसवणूक लक्षात आली, तर त्याच दिवशी वेष्टन, पावती आणि आतील वस्तू घेऊन पोस्टमास्तरांना लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. वसूल झालेली रक्कम पाठवणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत थोडा अवधी जातो आणि जे काही करता येते ते त्या अवधीतच. फसवणुकीच्या प्रकरणात व्ही.पी.ची रक्कम रोखून ती परत करण्याचे नियम करता यावेत, अशी तरतूद १८९८ च्या टपाल कायद्यातही होती. तो कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. तुमच्या प्रकरणात बरेच दिवस लोटले आहेत, तरीही अर्ज द्या. एकाच पाठवणाऱ्याविरुद्ध निरनिराळ्या गावांतून अर्ज आले तर त्याच्याकडे खात्याचे लक्ष जाते. खात्याच्या १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

पत्रे अडवण्याबद्दल विचारले आहे. पोस्टमनला सांगून परस्पर पत्रे थांबवण्याचा विचार कृपया सोडून द्या. ज्याच्या नावे टपाल आहे त्याच्याखेरीज इतरांच्या सांगण्यावरून ते अडवणे पोस्टमनच्या नोकरीवर बेतू शकते आणि कोणते पत्र खोटे हे त्याने ठरवणेही बरोबर नाही. त्याच ढिगात एखादे खरे पेन्शनचे पत्र असते. मामांनी स्वतः लेखी अधिकारपत्र दिले तर त्यांच्या वतीने दुसऱ्याला टपाल स्वीकारता येते. मार्ग तेवढा एकच आहे आणि तो मामांच्या संमतीनेच जातो.

एक जोड. पत्रांबरोबर आता पोस्टाच्या नावाने मोबाइलवर संदेशही येतात : "तुमचे पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपुरा आहे, अमुक तासांत दुरुस्त करा", आणि खाली एक दुवा. तो उघडला की किरकोळ शुल्काच्या निमित्ताने कार्डाची माहिती मागितली जाते. असे संदेश खोटे असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलेले आहे. स्पीड पोस्टच्या क्रमांकात आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारतासाठी 'आय-एन' अशी एकूण १३ चिन्हे असतात. पार्सलची खरी स्थिती पाहायची असेल तर तो क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाइप करून पाहावा, आलेल्या दुव्यावरून कधीही नाही. वृद्धांचा आणखी एका बाबतीत गोंधळ होतो. आपण त्यांना ओटीपी कोणालाही सांगू नका असे बजावतो आणि आता काही टपाल देताना पोस्टमनच ओटीपी विचारतो. पोस्टमन दारात उभा आहे, पाकीट त्याच्या हातात दिसते आहे आणि मोबाइलवरच्या संदेशात त्याच टपालाचा उल्लेख आहे, एवढे जुळले तर ओटीपी द्यावा. फोनवरून कोणी मागितला तर देऊ नये.

उत्तर : होटगी रोड

माझे मत थोडे कठोर वाटेल. या वयात समजावण्यात वेळ घालवू नये. पासबुक, चेकबुक आणि एटीएम कार्ड मुलांनी आपल्याकडे घ्यावे, महिन्याच्या खर्चापुरती रक्कम हातात द्यावी आणि पोस्टाची पेटी कुलूपबंद करून किल्ली भाच्याने ठेवावी. साठवलेला पैसा एकदा गेला की उरलेले आयुष्य औषधपाण्यासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. त्यापेक्षा थोडा रुसवा पत्करलेला बरा.

उत्तर : अशोक चौक

होटगी रोड यांची काळजी मला समजते, परंतु हा मार्ग मला पटत नाही, कारण आमच्या घरी तो करून झाला आणि त्याचा उलट परिणाम झाला.

माझ्या सासूबाईंनी सारा जन्म विड्या वळल्या. आमच्या पूर्व भागातील अनेक घरांप्रमाणे आमच्याकडे घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलली जाते. त्यांना तेलुगू वाचता येते, पण बक्षिसाची पत्रे हिंदी आणि इंग्रजीत येतात. शेजारच्या शाळकरी मुलाकडून त्या पत्र वाचून घेत. कागदावर होते ते त्याने प्रामाणिकपणे वाचले : "आपण जिंकला आहात." घरात हे कळले तेव्हा सर्वांनी मिळून त्यांना बोल लावले आणि माझ्या दिरांनी त्यांचे पासबुक काढून घेतले. त्यानंतर पत्रे येणे थांबले असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात ती येतच होती आणि सासूबाई ती तांदळाच्या डब्यामागे ठेवत होत्या. माणसाला घरच्यांचे बोलणे खावे लागले की तो पुढचे पाकीट दाखवत नाही. पाठवणाऱ्यालाही तेच हवे असते. "ही बाब कोणालाही सांगू नये" ही त्या पत्रातली सर्वांत धोक्याची ओळ आहे. खरे बक्षीस देणारा माणूस ते जाहीर करतो.

आम्ही पासबुक त्यांना परत केले. आता घरात अशी रीत आहे की संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दिवसभरात आलेले सगळे टपाल, अगदी वीजबिलासकट, त्यांच्यासमोर उघडले आणि वाचले जाते. आधी काढून घेतलेले किंवा फाडलेले काहीही नसते. संशयास्पद पत्राचे काय करायचे हे त्या सांगतात. आपले पत्र आपल्यासमोर वाचले जाते आहे हे कळल्यावर लपवण्याची गरज उरली नाही. दुसरी रीत पैशांची : टपालाने आलेल्या कोणत्याही मागणीसाठी त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत, रात्र मध्ये जाऊ द्यायची. ही रीत त्यांच्याइतकीच आम्हालाही लागू आहे. माझ्या यजमानांच्या विम्याच्या हप्त्याचे पत्र आले तेव्हा सासूबाईंनीच "उद्या भर" म्हणून थांबवले होते. नियम सर्वांना सारखा असला की म्हाताऱ्या माणसाला आपल्यावर पाळत ठेवली आहे असे वाटत नाही.

पेन्शनधारकांच्या बाबतीत एक वेगळाच प्रकार सांभाळावा लागतो. एक अनोळखी माणूस अंगठ्याचे यंत्र घेऊन आमच्या गल्लीत आला होता. "पोस्टातून आलो आहे, हयातीचा दाखला आज नाही दिला तर पेन्शन बंद होईल," असे तो सांगत होता. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची घरपोच हयातीच्या दाखल्याची सेवा खरोखर आहे आणि तिचे शुल्क ७० रुपये आहे. पण ती आपण मागितल्यावर, आपल्या भागातील पोस्टमन किंवा डाकसेवक देतो. न बोलावता आलेल्या माणसाच्या यंत्रावर अंगठा ठेवू नये, कारण आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्याच्या ठशावर पैसेही काढता येतात. शिवाय विडी कामगार आणि गिरणी कामगार यांना भविष्यनिर्वाह निधीकडून जी पेन्शन मिळते, तिच्यासाठी हयातीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून तो वर्षभर चालतो. नोव्हेंबरची सक्ती त्यांना नाही. एवढे माहीत असले तरी "आज नाही तर कधीच नाही" या धाकाला माणूस बळी पडत नाही. आम्ही सासूबाईंच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले आहे. त्याची माहिती १९४७ या क्रमांकावर मिळते. दाखला द्यायच्या दिवशी तेवढे ते उघडून घ्यावे लागते, हे मात्र लक्षात ठेवा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला रांगेतून परत यावे लागते.

उत्तर : न्यायालय परिसर

मी सोलापुरात वकिली करतो. कायद्याच्या बाजूपुरते लिहितो.

खोट्या बक्षिसाचे आमिष दाखवून पैसे उकळणे ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ती येते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेसाठी जुने कलम ४२० लागू होईल. आरोपी परराज्यात आहे किंवा पत्र दुसऱ्या शहरातून आले आहे, या कारणाने पोलीस ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची नोंद घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. साखर पेठ शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, त्यामुळे मामांना तेथील जवळच्या ठाण्यातच जाता येईल. नातेवाईक अक्कलकोट, मोहोळ किंवा बार्शीकडे राहत असतील तर ग्रामीण पोलिसांकडे जावे.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने गेले असतील तर ठाण्यात जाण्याआधी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्याआधी ती गोठवता आली तरच हाती लागते, त्यामुळे इथे तासांना महत्त्व आहे. त्याबरोबर आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. शरमेने चार दिवस गप्प बसल्यास हे संरक्षणही वाया जाते.

पत्रावर रिझर्व्ह बँकेचा शिक्का आहे असे आपण लिहिले आहे. रिझर्व्ह बँक सामान्य व्यक्तींची खाती ठेवत नाही, बक्षिसाच्या रकमा वाटत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. तसा इशारा तिने वारंवार दिलेला आहे. कराबाबतही वृद्धांच्या मनात गोंधळ असतो. रोख बक्षिसावरचा कर देणारी संस्थाच रक्कम देताना कापून घेते. स्वतः भरायचा झाला तरी तो आपल्या पॅनवर, चलनाने, सरकारी खात्यात जातो. एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात कोणताही कर भरला जात नाही. परदेशी लॉटरी लागल्याचे पत्र असेल तर परकीय चलनविषयक नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी देशाबाहेर पैसे पाठवणेच निषिद्ध आहे, एवढे सांगून विषय संपवता येतो.

मधुमेह किंवा अंधत्व मुळापासून बरे करण्याचा दावा करणारी औषधे व्ही.पी.ने येत असतील, तर तशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच बंदी आहे आणि त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की अशी औषधे सुरू केल्यावर वृद्ध रुग्ण डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतात आणि मग पैशांपेक्षा मोठे नुकसान होते.

होटगी रोड यांच्या सूचनेबद्दल : सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या व्यक्तीचे पासबुक तिच्या इच्छेविरुद्ध ताब्यात घेण्याचा अधिकार मुलांनाही नाही, भाच्याला तर नाहीच. मामांच्या संमतीने करण्यासारखे मात्र बरेच आहे. खात्यातील प्रत्येक व्यवहाराचा संदेश त्यांच्याबरोबर मामींच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर जाईल अशी व्यवस्था बँकेत विचारून घ्या आणि ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. घरात कोणी नसताना मामांना काही विचारावेसे वाटले, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावा.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. या सूचनांनुसार काय केले ते कळवतो, कारण इतर घरांनाही उपयोग होईल असे वाटते.

निवृत्त टपालकर्मी यांच्या सांगण्याप्रमाणे मामांना घेऊन टपाल कार्यालयात गेलो. पोस्टमास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, व्ही.पी.चे वेष्टन पाहिले आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगितले. मामांनी तो तेथेच बसून स्वतःच्या हाताने लिहिला. पैशांचे काय होईल ते पुढे कळेल. "मागवले नसेल तर नाही म्हणा, आम्ही परत पाठवू" हे वाक्य मामींनी खुद्द पोस्टमनच्या तोंडून ऐकल्यामुळे त्यांच्या मनावरचे ओझे उतरले.

बक्षिसाच्या पत्राबद्दल मी मामांना खरे-खोटे काहीच सांगितले नाही. "हे व्हाउचर गिरणीत तुमच्या टेबलावर मंजुरीला आले असते, तर तुम्ही काय तपासले असते?" एवढेच विचारले. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि तासभर तो कागद सोडला नाही. अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम जुळत नाही, हे त्यांनी आधी दाखवले. मग जीएसटी क्रमांकाकडे वळले. तो १५ चिन्हांचा हवा आणि त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, हे मी मोबाइलवर शोधून सांगितले. पत्रावर पत्ता कोलकात्याचा आणि क्रमांकाची सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राची. पश्चिम बंगालचा क्रमांक १९ ने सुरू व्हायला हवा. शिवाय चिन्हे १४ च भरली. मामांनी समासात टीप लिहिली : "व्हाउचर नामंजूर." मी एक शब्दही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या घरी आलेले तसेच पत्र मागून आणले आणि तेही तपासून परत दिले. अशोक चौक यांची रात्र मध्ये जाऊ देण्याची रीत मामींना फार आवडली आहे. पुण्याच्या मुलांनीही फोनवर ती मान्य केली.

एक नवी अडचण आली आहे. काल मामांच्या नावे आणखी एक स्पीड पोस्ट आले. त्यात "ग्राहक न्याय विभाग" असे नाव असून, बनावट पार्सलांमध्ये आपली फसवणूक झाल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे, आपली रक्कम नुकसानभरपाईसह मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क १,९५० रुपये भरून ती प्राप्त करावी, असे लिहिले आहे. मामांनी आम्ही दिलेल्या अर्जाचेच हे उत्तर आहे का, असे विचारले. त्यांना खात्रीने काय सांगावे?

निवृत्त टपालकर्मी

हे तुमच्या अर्जाचे उत्तर नाही. खात्याचे उत्तर आले तर त्यावर तुमच्या तक्रारीचा क्रमांक आणि उत्तर देणाऱ्या कार्यालयाचे नाव असेल आणि परताव्यासाठी तुमच्याकडून शुल्क मागितले जाणार नाही. ज्याने एकदा पैसे दिले त्याचा पत्ता अशा टोळ्या जपून ठेवतात आणि एकमेकांना देतातही. त्यामुळे पहिल्या फसवणुकीनंतर येणारे 'पैसे परत मिळवून देतो' हे पत्र अपेक्षितच होते. यानंतर फोनही येईल, मामींना आधी कल्पना देऊन ठेवा.

न्यायालय परिसर

सहमत आहे. ग्राहक आयोगापुढे आपण स्वतः तक्रार दाखल केल्याशिवाय कोणतेही प्रकरण सुरू होत नाही, आणि मामांनी ती दाखल केलेली नाही. 'ग्राहक न्याय विभाग' या नावाने भरपाई मंजूर करून शुल्क मागणारे कोणतेही न्यायासन नाही. शंका राहिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मामांनाच फोन लावून विचारू द्या.

ते पाकीट फाडू नका आणि त्यावरचा बारकोडाचा चिकटवलेला कागद खरवडू नका. त्या क्रमांकावरून ते कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या दिवशी नोंदवले गेले हे काढता येते. मामांनी तपासलेले बक्षिसाचे पत्र, व्ही.पी.चे वेष्टन आणि हे पाकीट अशी तिन्ही एकत्र घेऊन ठाण्यात जा आणि तक्रारीत तिघांचे क्रमांक लिहा. नोंदणीचे कार्यालय एकच निघाले, तर पोलिसांना तीन सुट्या तक्रारींऐवजी एका पाठवणाऱ्याचा माग मिळेल. मामांच्या समासातील टिपेची छायाप्रतही जोडा. कागदातले दोष कोठे आहेत हे तपास अधिकाऱ्याला तिच्यावरून लगेच दिसेल.